पाच सप्टेंबरचं पाणी

आमच्या सोसायटीचं नाव ‘अमृतसरोवर’. हे नाव ठेवताना बिल्डरच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक, कारण दोन हजार सोळाच्या एप्रिलात आमच्या बोअरमधून फक्त आवाज येत होता. मोटर सुरू केली की तो म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसा खाकरायचा आणि गप्प बसायचा. नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि येऊन कधी गेलं ते बादलीच्या ओल्या बुडावरून ओळखावं लागायचं. मुकुंदवाडीच्या पुढं शहर मात्र जोरात वाढत होतं. आमच्या गच्चीवरून सात नव्या इमारती उठताना दिसायच्या आणि सातही ठिकाणच्या फलकावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं.

तर टँकर. दर चार दिवसांनी एक टँकर आमच्या खालच्या टाकीत रिकामा व्हायचा आणि त्यावर चोवीस घरं जगायची. टँकरची मागणी लिहायचं काम सोसायटीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्याकडं होतं. तात्यासाहेब सरकारी कचेरीच्या अभिलेख शाखेतून निवृत्त झालेले. त्यांचं अक्षर इतकं वळणदार, की त्यातला एक आणि सात जुळे भाऊ वाटत. त्यामुळं मार्चात एकदा एकाच दिवशी दोन टँकर आले आणि मग आठवडाभर एकही नाही. त्यावर सभा झाली, सभेत भांडण झालं आणि भांडणात मी उभा राहून म्हणालो, “मी वेबसाइट करून देतो.”

मीनाक्षीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझा शर्ट मागून ओढला. पण वाक्य निघून गेलं होतं.

माझी बाजूही समजून घ्या. मी वेब डेव्हलपर आहे. हे मी सोसायटीत अकरा वर्षं सांगत आलोय, आणि अकरा वर्षं लोक मला टीव्हीचा रिमोट दाखवायला बोलावतात. एकदा मिक्सर दाखवायला बोलावलं होतं. (मिक्सर दुरुस्त झाला, हे आणखी वाईट. त्यानंतर दोन इस्त्र्या आल्या.) माझं खरं काम काय आहे ते या लोकांना एकदा दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. ते दिसलं, अगदी सगळ्यांना दिसलं.

वेबसाइट सुरुवातीपासून कुणी बांधत नाही. त्यासाठी तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. दारं कुठं, खिडक्या कुठं, हे आधीच ठरलेलं असतं. आपण सांगितलं तर तो आपलं ऐकतो, आणि जिथं आपण काही सांगत नाही तिथं तो स्वतःच्या मनानं वागतो. मी वापरलेला सांगाडा परदेशात तयार झालेला. त्या देशात तारीख लिहिताना आधी महिना लिहितात आणि मग दिवस. का, ते मला विचारू नका. मी त्या लोकांना भेटलेलो नाही.

सोसायटीतल्या लोकांना दिसणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारीख छान दिसावी म्हणून मी तीन रविवार घालवले होते. तिथं ‘१९ एप्रिल २०१६’ असं ठसठशीत मराठीत दिसायचं. पण टँकर केंद्राला रोज सकाळी आपोआप जाणारी यादी? ती कोण बघतंय म्हणून मी फ्रेमवर्कच्या मर्जीवर सोडली. सेटिंगमधली एक ओळ. ती मी लिहिली नाही, आणि आता या गोष्टीत पुढं जे काही येईल ते सगळं त्या एका ओळीचं आहे.

सल्ले मात्र भरपूर आले. तात्यासाहेबांना प्रत्येक मागणीवर जावक क्रमांक हवा होता, तो दिला. पहिल्या मजल्यावरचे वैजनाथराव बँकेत असले तरी घराणं भिक्षुकीचं. ते म्हणाले, “श्रीरंगराव, तारखेशेजारी तिथी टाका. तिथी कधी फसवत नाही.” मी हसलो. टँकरला तिथी कशाला? पुढं जे झालं ते पाहता वैजनाथराव शंभर टक्के बरोबर होते. पण हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

एकोणीस एप्रिलला पहिली यादी गेली. यादीत तारीख होती 04/19/2016.

टँकर केंद्र स्टेशनच्या पलीकडं होतं. तिथल्या खिडकीत बद्रीनाथ नावाचा कारकून बसायचा. त्याच्याकडं वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान असलेली जाडजूड डायरी होती, आणि आलेली मागणी तो त्या-त्या पानावर उतरवून घ्यायचा. त्यानं आमची यादी वाचली. एकोणिसावा महिना नसतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मनातल्या मनात आकडे उलटे केले आणि टँकर पाठवला. याबद्दल तो कुणाशी बोलला नाही. कॉम्प्युटर उलटं बोलतोय असं म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

तेवीसला टँकर आला. सत्तावीसलाही आला. तात्यासाहेबांनी नोटीस बोर्डावर माझ्या अभिनंदनाचा ठराव लावला. मी जिन्यातून जरा हळू उतरायला लागलो, म्हणजे लोकांना भेटता यावं.

पुढचा टँकर एक मेचा. यादीत तारीख गेली 05/01/2016. बद्रीनाथनं वाचली, पाच जानेवारी. डायरीतलं पाच जानेवारीचं पान उलटून कधीच मागं पडलं होतं. त्यानं त्या पानावर ‘मागील तारीख, लागू नाही’ असं लाल शाईनं लिहिलं आणि डायरी मिटली.

टँकर आला नाही. महाराष्ट्र दिन आहे, सुट्टी असेल, असं म्हणून आम्ही एक दिवस काढला. दोन तारखेला मी केंद्राला फोन केला. बद्रीनाथ म्हणाला, “साहेब, एक तारखेची तुमची मागणीच नाही.” मी माझा पडदा पाहिला. तिथं ‘१ मे २०१६’ स्वच्छ दिसत होतं. म्हणजे खोटं कोण बोलतंय हे उघड होतं.

तात्यासाहेब पेटले. त्यांनी केंद्राला पत्र लिहिलं. तीन पानी. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे, कारण ते पुढं माझ्यासमोर वाचून दाखवण्यात आलं: ‘यापुढे आमच्या संस्थेची केवळ संगणकीय यादीच ग्राह्य धरण्यात यावी, तोंडी, फोनवरील अथवा हस्तलिखित मागणी कोणत्याही परिस्थितीत विचारात घेऊ नये.’ खाली गोल शिक्का. पत्र चार तारखेला पोचलं आणि पाच तारखेला सकाळी सातला टँकर दारात हजर!

येणारच होता. पाच मे म्हणजे 05/05. ही तारीख कुठूनही वाचा, पाच मेच असते. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात? तात्यासाहेब म्हणाले हा पत्राचा दणका. मी म्हणालो मी सर्व्हर बंद करून चालू केला, त्याचा परिणाम. दोन दिवस आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोललो.

याच दिवसांत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रामकिसनराव माझ्याकडं आले. रामकिसनराव मूळचे लासूर स्टेशनचे. तिकडं शेती, इकडं एका कारखान्यात फोरमन. त्यांच्या राजनंदिनीचा साखरपुडा नऊ मेला, अक्षय तृतीयेला, आमच्याच गच्चीवर ठरला होता.

“सर,” ते खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले, “पाव्हणे सोयगावचे हायेत. तिकडं अख्ख्या गल्लीला मिळून एक टँकर येतो. मी बोलता बोलता बोलून बसलो, की आमच्याकडं पाण्याची लई चंगळ हाय, तुम्ही नुसते हात हलवत या. दीडशे माणूस हाय सर. येईल ना पाणी?”

“किती टँकर हवेत?”

“दोन. एक टाकीत, एक आचाऱ्यासाठी खाली उभा.”

मी त्यांच्यादेखत बटण दाबलं. पडद्यावर ‘९ मे २०१६, टँकर २’ असं उमटलं. “रामकिसनराव, कॉम्प्युटरवर टाकलंय,” मी म्हणालो. “आता विसरून जा.”

“व्हय?” ते म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या कामावर विसंबून घरी गेलं होतं. ही गोष्ट साधी नाही.

नऊ मेची सकाळ. गच्चीवर मांडव लागलेला, आचारी दोन चुली पेटवून बसलेला. अक्षय तृतीयेला पितरांसाठी मातीचा घट भरून ठेवतात. तो मीनाक्षीनं बाटलीच्या पाण्यानं भरला, कारण टाकीनं तळ गाठला होता. आठ वाजले. साडेआठ वाजले. आचाऱ्यानं वरून खाली पाहिलं आणि विचारलं, “भात कशात शिजवू?”

मी फोन लावला. “बद्रीनाथ, आमचे दोन टँकर?”

“आहेत ना साहेब, लिहिलेत,” तो शांतपणे म्हणाला. “पाच सप्टेंबरच्या पानावर. त्या दिवशी गणपती बसतात. मी म्हटलं, अमृतसरोवरवाले आतापासून गणपतीची तयारी करतात. शिस्तीची माणसं.”

05/09. एका क्षणात मला ती न लिहिलेली ओळ दिसली, एक मे दिसला, बिचारा पाच मे दिसला. तेरा मेचा टँकर नीट येणार हेही दिसलं, कारण तेरावा महिना नसतो. आणि रामकिसनराव दिसले. ते जिन्यात उभे होते, नवा पांढरा सदरा घालून.

“सर, निघाला का टँकर?”

“निघतोय,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. फक्त कुठल्या महिन्यात ते मी सांगितलं नाही.

लॅपटॉप घेतला, स्कूटर काढली आणि केंद्रावर गेलो. खिडकीशी बद्रीनाथ, बाहेर बाकावर टँकरचा ड्रायव्हर कडुबा तंबाखू मळत बसलेला, मागं दोन भरलेले टँकर उन्हात उभे. मी बद्रीनाथला सगळं सांगितलं. आमच्या यादीत चुकून आधी महिना येतो आणि मग दिवस, हे दोनदा समजावलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

“कळलं. मग दुरुस्त करू.”

“आणा पेन. नऊ मे लिहून सही करतो.”

त्यानं ड्रॉवरमधून तीन पानी पत्र काढलं, चष्मा लावला आणि शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘हस्तलिखित’ या शब्दावर तो थांबला आणि माझ्याकडं पाहिलं. “साहेब, खाली शिक्का आहे.”

मी फोन करून तात्यासाहेबांना म्हणालो, की पत्र मागं घ्या. ते म्हणाले, “लेखी द्यावं लागेल. तुमचा अर्ज आला की सभा बोलावतो.”

बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. कडुबानं सरकून जागा दिली. मी सेटिंग बदललं. घाईत वाटलं, सगळंच मराठी करून टाकू, म्हणजे वाद नको. भाषा मराठी, देश भारत. यादी पाठवली. बद्रीनाथनं छापली आणि खिडकीतून कागद पुढं केला. त्यावर चौकोन होते. ओळीनं रिकामे चौकोन. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला मराठी आकडेच येत नव्हते.

“ही कुठली तारीख?” बद्रीनाथनं अदबीनं विचारलं.

मीनाक्षीचा फोन आला. “अहो, पाहुण्यांची गाडी फाट्यापर्यंत आलीय. मी घरोघरून कळशी-कळशी पाणी जमवतेय. चहापुरतं होईल. तुम्ही कुठं आहात?”

“सेटिंगमध्ये,” मी म्हणालो.

मी पुन्हा इंग्रजी आकडे केले, पण या वेळी आपल्या पद्धतीनं, आधी दिवस. 09/05/2016. यादी गेली, छापली गेली. बद्रीनाथनं बोट ठेवून वाचली. “आधी महिना, मग दिवस,” तो पुटपुटला. “नऊ, म्हणजे सप्टेंबर. पाच सप्टेंबर. साहेब, हे तर आधीच लिहिलंय.”

“अरे, आता उलटं केलंय मी!”

“तुम्हीच सांगितलं ना, आधी महिना असतो म्हणून? दोनदा सांगितलं.”

मी डोकं धरून बसलो. शेजारून कडुबा म्हणाला, “सायेब, वार टाका ना. माझ्या गावात कुणाला तारीख कळत नाय, वार समद्यांना कळतो.”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी इंग्रजी अक्षरांत ‘सोमवार’ जोडलं आणि यादी पाठवली. (त्याच अक्षरांत ‘मे’ लिहिता आलं असतं, हे मला त्या घाईत सुचलंच नाही.) बद्रीनाथनं ती वाचली. मग त्यानं डायरी उघडली, पानं उलटली आणि पाच सप्टेंबरच्या पानावर हात ठेवला.

“साहेब,” तो खरोखर दुःखी आवाजात म्हणाला, “पाच सप्टेंबरलाही सोमवारच आहे.”

मी पाहिलं. होता. नंतर घरी जाऊन मी हिशेब केला, पाच-नऊ आणि नऊ-पाच, कुठल्याही वर्षी यांचा वार एकच येतो. हे ज्ञान मला तेव्हा नसलेलंच बरं, नाहीतर मी तिथंच रडलो असतो.

कडुबा उठला. तंबाखू तोंडात टाकली, खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, “ओ बद्रीभाऊ, मला एक सांगा. हा माणूस उन्हातान्हात मांडीवर कॉम्प्युटर घेऊन तासभर बसलाय. गणपतीचं पाणी मागायला कुणी असं बसतं का? ह्या साली चार महिन्यापुढचं पाणी कोण मागतंय? ज्याला तहान लागलीय तो आजचंच मागतो.”

बद्रीनाथनं पत्राकडं पाहिलं. कडुबाकडं पाहिलं. मग त्यानं पाच सप्टेंबरच्या पानावरचे दोन टँकर लाल शाईनं खोडले आणि आजच्या पानावर लिहिले. “पण कागदावर काय कारण दाखवू?” तो म्हणाला.

“तहान दाखवा,” कडुबा म्हणाला आणि टँकरवर चढला.

स्कूटर केंद्रावरच सोडून मी त्याच्या शेजारी बसलो. मागून दुसरा टँकर. फाटकाशी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पाहुणे येऊन बसले होते आणि मीनाक्षीच्या कळश्यांचा चहा फिरत होता. फाटकाबाहेर पाहुण्यांची एक पिकअप उभी होती, तिच्याजवळ मुलाचे चुलते पुंजाराम अस्वस्थपणे उभे. टँकर पाहून त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की मला नवल वाटलं. पाणी तर आमच्याकडं नव्हतं, घाम यांना का?

पाइप टाकीत पडला, पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि रामकिसनराव धावत खाली आले. पुंजारामनं त्यांचा हात धरला.

“पाव्हणं, आता बोलतो. आम्ही गाडीत चार ड्रम पाणी आणलंय. चादरीखाली झाकून.”

“पाणी? तुम्ही? मी तर सांगितलं होतं...”

“तुम्ही सांगितलं व्हतं. पण दुष्काळ आम्हाला ठावं नाय का? लेकीच्या कार्याला कमी पडू नाय म्हणून घेतलं. इथं आलो तर चुलीवर नुसतंच रिकामं पातेलं. चादर काढावी तर तुमचा कमीपणा, नाय काढावी तर स्वयंपाक खोळंबला. म्हणून तासभर इथं नुसता उभा हाय मी, काय करावं कळंना.”

रामकिसनरावांनी पुंजारामच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्यांचा तो नवा पांढरा सदरा हलत राहिला. रडत होते का हसत, ते मी पाहिलं नाही. मी नळीकडं बघत उभा राहिलो.

मग पुंजाराम माझ्याकडं वळले. “तुम्ही टँकरवाले का?”

“नाय,” कडुबा वरून म्हणाला. “टँकरवाला मी. हे कॉम्प्युटरवाले. ह्यांच्यामुळंच वेळ झाला.”

आचाऱ्यानं टँकरच्या तोटीखाली पातेली लावली. ड्रमही उतरवले, कारण पुंजाराम ते परत न्यायला तयार होईनात. साखरपुडा दीड तास उशिरा का होईना, झाला. टॉवेल-टोपीचा मान पहिला कडुबाला मिळाला. मलाही मिळाला, तिसरा. दुसरा आचाऱ्याला. मी मोजत नव्हतो, पण कळलं.

जेवणाच्या आधी याद्या लिहायला बसले. तात्यासाहेबांनी कागद मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं. लग्नाच्या तारखेवर बराच खल झाला, वैजनाथरावांनी पंचांग उघडलं, आणि शेवटी पुंजाराम म्हणाले, “ठरलं तर मग. अकरा बारा.”

“अकरा बारा,” सगळे म्हणाले.

“अकरा बारा म्हणजे...” मी म्हणालो.

गच्चीवरची चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडं बघायला लागली. मीनाक्षीनं मागून शर्ट ओढला. तात्यासाहेब म्हणाले, “श्रीरंगराव, तुम्ही जेवून घ्या बरं.” लोक हसले. पुंजाराम तर मांडीवर थाप मारून हसले. मी मान खाली घालून पंगतीकडं निघालो.

“काका, थांबा.”

राजनंदिनी होती. नव्या साडीत, हातात नवी अंगठी. तिनं तात्यासाहेबांच्या मांडीवरून कागद उचलला, त्यांच्याच हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या वळणदार अक्षराखाली स्वतः एक ओळ लिहिली. लिहिताना तिची जीभ जराशी बाहेर आली होती, पाचवीतल्या मुलीसारखी. मग सगळ्यांच्या देखत ती माझ्याकडं आली आणि कागद माझ्या हातात दिला.

“बघा काका. आता बरोबर आहे?”

तिनं लिहिलं होतं: ‘अकरा डिसेंबर दोन हजार सोळा, रविवार, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, सकाळी.’

मी खिशातून चष्मा काढला. ओळ एकदा वाचली. गच्चीवर सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मी घाई केली नाही. पुन्हा एकदा वाचली.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.